एवढ्या जाळात तोफेची नळी वितळत कशी नाही?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे. पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळतं. १५५ मिलिमीटरच्या तोफेत दारू पेटली की वायू २५०० ते ३००० अंशांच्या घरात जातो आणि दाब तीन-साडेतीन हजार बारपर्यंत चढतो. तरी नळी ना वितळते ना फुटते. उलट शेकड्याने फैरी झाडून पुन्हा उभी असते. मग शेवटी ती बाद होते ती नेमकी कशाने?

मार्च २०२५ मध्ये अटॅग्स या देशी १५५ मिलिमीटर तोफेच्या ३०७ नगांचा करार झाला तेव्हापासून आमच्या शॉपमध्ये चहाच्या वेळी हा वाद अधूनमधून निघतो. तोफेचं डिझाइन पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचं आणि कामातला मोठा वाटाही पुण्याकडचाच. आपलं बेळगाव फौंड्रीचं, क्रँकशाफ्टचं आणि हायड्रॉलिकचं गाव, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं यात आपल्याला चार अक्षरं कळतात. मी स्वतः सिलिंडर करतो. बोअर, म्हणजे आतलं भोक, काढायचा, होनिंग करून तो घासून गुळगुळीत करायचा, अडीचशे बारला टेस्ट करून गाडीत चढवायचं. दाबाचं गणित रोजचं आहे. तापाचं गणित मात्र आमच्याकडे कुणी करत नाही, कारण तेल साठ-सत्तर अंशांच्या वर गेलं तर गिऱ्हाईकच मशीन बंद करतं.

माझा अंदाज असा की तोफेत खरा शत्रू दाब नसून उष्णता आहे. जाणकारांनी सांगावं. नुसतं गुगल करून चिकटवू नका, ते मलाही येतं.

टिळकवाडी एक्सप्रेस

जाड करा की ओ नळी. भिंत दुप्पट केली की दाबाचं टेन्शन संपलं, आणि लोखंड जास्त म्हणजे तापायलाही वेळ लागणार. विषय खल्लास.

वडगावचा मास्तर

एक्सप्रेसराव, विषय खल्लास होत नाही. इथंच सगळे फसतात.

जाड नळीतला ताण भिंतभर सारखा वाटला जात नाही. आतल्या पृष्ठभागावर सगळ्यात जास्त आणि बाहेर जाताना कमी. लामे नावाच्या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकात याचं सूत्र दिलं. बाहेरचा व्यास आतल्याच्या किती पट आहे त्या आकड्याला क म्हणू. आत ३५० मेगापास्कल दाब आहे, म्हणजे उद्यमबागकरांचे साडेतीन हजार बार. क २ असेल तर बोअरवर नळी फाडू पाहणारा ताण ५८३ येतो. आता क ३ करा. ताण ४३७ वर येतो. म्हणजे पाव हिस्सा कमी झाला, पण वजन किती वाढलं? बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून आतल्याचा वर्ग वजा करा: आधी ३, आता ८. पावणेतीन पटीच्या जवळ वजन वाढवून पंचवीस टक्के दिलासा. क कितीही वाढवा, बोअरवरचा ताण आतल्या दाबाच्या खाली जात नाही. बाहेरचं पोलाद नुसतं बैलासारखं उभं राहतं आणि आतलं एकटं झुंजतं.

तेव्हा खरा प्रश्न जाडीचा नाही. बाहेरच्या पोलादाला कामाला कसं लावायचं, हा प्रश्न आहे.

गोलघुमटी

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर आपल्यापासून दोनशे किलोमीटरवर, विजापुरात, उघड्यावर पडलंय. (विजयपूर म्हणा हवं तर, आमच्या तोंडात विजापूरच आहे.)

उपली बुरुजावर गेलात तर वर एक अगदी लांब तोफ दिसते, नऊ मीटरच्या आसपास. बुरूज १५८४ च्या सुमाराचा, हैदरखानाने बांधलेला. लोक वर चढतात, फोटो काढतात आणि उतरतात. जवळ जाऊन पृष्ठभाग बघा. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या उभ्या लावून त्यांवर कड्यांमागून कडी चढवलेली आहेत. कडं जिथं संपतं तिथं बोटाला खाच लागते.

आणि तिथून जवळच, पश्चिमेच्या तटावर मलिक-ए-मैदान. ती याच्या अगदी उलट घडवणीची: एकसंध ओतीव, घंटेच्या धातूची, १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमीने ओतलेली. लांबी साडेचार मीटरच्या आत-बाहेर, वजन ५५ टन सांगतात. गाईड तिथं दोन गोष्टी हमखास ऐकवतो. बार काढला की गोलंदाज शेजारच्या हौदात उडी मारायचा ही एक, आणि ही तोफ भर उन्हात थंड राहते ही दुसरी. पहिलीबद्दल मी काही बोलत नाही. दुसरी मला कुणीतरी समजावून सांगा.

वडगावचा मास्तर

५५ टन धातू रात्रभर गार होऊन बसलेला असतो. काशाचा धातू उष्णता भराभर आत ओढून घेतो, त्यामुळे वरचा पापुद्रा एकटा तापत नाही. सकाळी दहाला हात लावला की थंडच लागणार. एप्रिलमध्ये दुपारी चारला जा, मग बोलू.

बिडातला माणूस

उभी हयात फौंड्रीत गेली, त्यामुळे लिहितोच.

घुमटीभाऊ, त्या कड्यांचं गुपित आमच्या आजोळच्या लोहाराला माहीत होतं. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना बघितलीय काय कुणी? लोखंडी धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात. शेणीच्या जाळात लाल करतात, फुगली की चाकावर टाकून चारी बाजूंनी पाणी मारतात. धाव आकसते आणि आरे तुंब्यात कचकन बसतात. त्यानंतर चाक आयुष्यभर आवळलेलंच राहतं. तोफेवर तापवलेलं कडं चढवलं की हेच होतं. बार होण्याआधीच आतली नळी दाबलेली असते. दारूचा दाब आला की आधी तो आवळ सैल करण्यात खर्च होतो, मग उरलेला ताण देतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या आर्मस्ट्राँगसारख्यांनी हेच मोजून-मापून केलं. पुढे कड्यांऐवजी ताणलेली तार गुंडाळायची पद्धत आली. ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या तोफा कितीतरी वर्षं तशाच होत्या.

पण मला खरं सांगायचंय ते ओतकामाचं. जाड बीड ओतलं की ते बाहेरून आत गोठतं, हे आपल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. बाहेरची साल आधी घट्ट होते, पोट शेवटी गोठतं. पोट आकसायला बघतं, पण साल त्याला आत येऊ देत नाही. म्हणजे आतला भाग कायमचा ताणात राहतो. साध्या कास्टिंगला यानेच श्रिंकेज येतं, नाहीतर मशीनवर लावल्यावर ते वाकडं होतं. तोफेत तर आतला भाग म्हणजेच बोअर. जिथं दारूचा दाब फाडणार, तिथंच आपण आधीपासून फाडणारा ताण भरून ठेवलेला.

२८ फेब्रुवारी १८४४ ला अमेरिकेच्या प्रिन्स्टन जहाजावर पाहुण्यांसमोर बार काढताना एक मोठी तोफ फुटली. परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्री दोघंही जागीच गेले. ती तोफ ओतीव नव्हती, घडीव लोखंडाची होती, पण त्या अपघाताने सगळे हादरले. रॉडमन नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी या प्रश्नाच्या मागं लागला. त्याने केलं काय, तर तोफ भरीव ओतून नंतर भोक पाडायचं सोडलं. मधे भोकाच्या जागी पोकळ कोर ठेवला, कोरमधून पाणी खेळवलं आणि मोल्डच्या बाहेरून उलट जाळ लावून ठेवला. आतून बाहेर गोठवलं! बोअर आधी घट्ट, बाहेरचं नंतर आकसत आलं आणि बोअरला आवळून बसलं. कड्यांचं काम एका ओतात. जुन्या आणि नव्या पद्धतीच्या तोफा जोडीने ओतून फुटेपर्यंत बार काढून बघितले, तेव्हा पोकळ ओतलेली कितीतरी जास्त टिकली. पुढे त्याने याच पद्धतीने १५ इंची, २० इंची तोफा ओतल्या.

कोरमधून पाणी! वितळलेल्या बिडाच्या मधोमध! आमच्याकडं कोर जरासा ओला राहिला तरी भट्टीवरची पोरं लांब पळतात. त्या माणसाच्या छातीला मानलं.

यळ्ळूरची

वाचनखूण साठवली. बिडातलं काका, असं लिहीत जा की अधूनमधून. नुसतं वाचून गप्प बसता.

मार्टेन्साइट

धागा उशिरा बघितला. हीट ट्रीटमेंटमध्ये काम करते, त्यामुळे तापाची बाजू मी घेते. मूळ प्रश्न अजून तसाच आहे: वितळत का नाही?

कारण वेळ मिळत नाही. गोळा नळीत असतो तो सेकंदाच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाएवढा. तेवढ्यात उष्णता पोलादात किती खोल जाईल याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. पोलादात उष्णता पसरण्याचा अंक साधारण १० चौरस मिलिमीटर दर सेकंद. त्याला सेकंदाच्या शंभराव्या भागाने गुणा, वर्गमूळ काढा. उत्तर ०.३ मिलिमीटर. बस्स. भिंत ८० मिलिमीटर धरली तर ती पार करायला उष्णतेला दहा मिनिटं लागतात. म्हणजे बार होताना ३००० अंशांची ती आग फक्त एका पातळ कातडीला माहीत असते. मागचं सगळं पोलाद आधीच्या फैरीच्या तापमानावर निवांत. गोळा गेला, वायू गेला की हेच मागचं पोलाद कातडीतली उष्णता शोषून घेतं. सबंध नळीचं सरासरी तापमान एका फैरीला काही अंशांनीच चढतं.

आता त्या कातडीचं काय होतं ते बघा. इथं उद्यमबागकरांचा अंदाज बरोबर ठरतो. दारूचा चार्ज, म्हणजे भार, मोठा असला की ती हजार अंशांच्या पुढे जाते. तिला पसरायचं असतं, पण मागचं थंड पोलाद पसरू देत नाही. अडवलेल्या प्रसरणाचा ताण काढायचा तर लवचीकतेचा अंक २ लाख मेगापास्कल, प्रसरण दर अंशाला १२ दशलक्षांश, फरक १०० अंश. गुणाकार २४०. दोन्ही दिशांनी अडवलंय म्हणून ०.७ ने भागा. शंभर अंशांना ३४० मेगापास्कल. तोफेचं पोलाद हजार-अकराशे मेगापास्कलला नमतं. म्हणजे फक्त ३०० अंशांचा फरक पडला की कातडी नमली, आणि इथं तर फरक त्याच्या तिप्पट आहे. शिवाय तापल्यावर पोलाद मऊ होतं, आणखी लवकर नमतं.

नमली म्हणजे ती दाबात कायमची आखूड झाली. पुढच्या क्षणी गार होते. आता तिला जितकी जागा भरायची तितकं अंग उरलेलं नाही, म्हणून ती ताणात येते. प्रत्येक फैरीला हे एकदा. दाब-ताण, दाब-ताण. शिवाय साडेसातशेच्या आसपास पोलादाची आतली रचना बदलते, आणि मागच्या थंड पोलादामुळे क्षणात गार झाल्यावर कडक, ठिसूळ मार्टेन्साइट बनतं. तेलाची टाकी नको, काही नको, नळी स्वतःच स्वतःला पाणी पाजते. त्यात दारूच्या वायूतला कार्बन कातडीत मुरतो. कार्बन मुरलेलं पोलाद १५०० ला नाही, ११५० च्या आसपासच वितळायला लागतं. तेव्हा ‘वितळत नाही’ हे अर्धंच खरं. मागचं पोलाद वितळत नाही. कातडी फैरीगणिक थोडी वितळते, थोडी खरवडली जाते आणि वायूबरोबर बाहेर जाते.

वापरलेल्या नळीचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर वर एक पांढरा थर दिसतो, ॲसिडने न खाल्लेला. त्याच्याखाली गडद, बदललेला पट्टा आणि मग मूळ पोलाद. पांढऱ्या थरातून भेगा सरळ खाली उतरलेल्या असतात. वरून बघितलं तर त्याच भेगांचं चौकटी-चौकटींचं जाळं दिसतं. आमच्याकडे डाय-कास्टिंगच्या डायवर हुबेहूब हेच येतं, गिऱ्हाईक त्याला ‘चेकिंग’ म्हणतं आणि आमच्यावर खापर फोडतं.

सगळ्यात जास्त झीज चेंबर, म्हणजे दारू ठेवायचा कप्पा, संपून आटे, म्हणजे गोळ्याला फिरकी देणाऱ्या खाचा, सुरू होतात तिथं. गरम वायू, जास्त दाब आणि गोळ्याचं तांब्याचं कडं आट्यांत घुसण्याचा जोर, तिन्ही तिथंच.

टिळकवाडी एक्सप्रेस

बाप रे. जाडीचं विधान मागं घेतो. 😄

गनर आप्पा

नमस्कार. खानापूर तालुका. तोफखान्यात नोकरी झाली, नाशिक रोडला ट्रेनिंग, पुढं देवळालीला कोर्स. बाई म्हणतात ते आटे सुरू व्हायच्या जागेचं शंभर टक्के खरं आहे. नळी किती खाल्ली ते तिथंच गेज घालून बघतात. बाहेरनं नळी नव्या नवरीसारखी चकचकीत असली तरी आत काय ते गेजच सांगतो. प्रत्येक तोफेचं एक हिस्टरी बुक असतं. किती फैरी झाल्या, कुठल्या चार्जच्या, सगळं लिहायचं. सगळ्या फैरी सारख्या धरत नाहीत. लहान चार्जची झीज कमी, म्हणून फुल चार्जच्या हिशोबात किती भरतात ते काढतात. नळीचं वय त्या आकड्यावर.

उष्णतेचं म्हणाल तर आमची भीती वेगळी असते बघा. तुमची ती कातडी आम्हाला दिसत नाही. आम्हाला चेंबर कळतो. सलग फायर चाललं की एकेका फैरीचे ते चार-चार अंश साठत जातात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी चेंबरची भिंत पार तापते. दारूला १७० अंशांच्या आसपास आपोआप पेट घ्यायची खोड आहे. तापलेल्या चेंबरमध्ये चार्ज ठेवून हुकुमाची वाट बघत बसायचं नाही, हे पहिल्या आठवड्यात डोक्यात ठोकतात. मिसफायर झाला आणि तोफ गरम असली की सगळ्यांचे चेहरे उतरतात.

म्हणून जोराचं फायर वेगळं आणि सलग फायर वेगळं. बोफोर्स १४ सेकंदांच्या आत तीन गोळे टाकते, ते तुम्ही टीव्हीवर बघितलंय. तसंच तासभर करा म्हटलं तर कुठली तोफ करेल? १९९९ ला कारगिलमध्ये तोफा, मॉर्टर, रॉकेट मिळून ३०० च्या आसपास हत्यारं दिवसाला ५००० गोळे टाकत होती, टायगर हिलच्या दिवशी ९०००. मी त्या वेळी दुसऱ्या सेक्टरला होतो, पण तिथनं आलेली पोरं सांगायची, बर्फाच्या वाऱ्यात उभं राहून नळीवर हात शेकायचो. थंडीत नळी बाहेरनं लवकर निवते हा एक फायदा.

उद्यमबागकर

आप्पा, मार्टेन्साइटताई, फौंड्रीवाले काका, अहो हा धागा नव्हे, डिप्लोमाचा कोर्स झाला.

दोन प्रश्न उरले. एक, आजच्या नळ्यांवर कडी दिसत नाहीत, एकसंध असतात. मग आवळ कुठून आणतात? दोन, आमच्या रॉडवर हार्ड क्रोम असतं, वर्षानुवर्षं टिकतं. तोफेच्या बोअरलाही क्रोम करतात असं वाचलं. मग कातडीचा प्रश्न मिटायला हवा. क्रोम १९०० अंशांपर्यंत वितळत नाही.

वडगावचा मास्तर

पहिल्याचं उत्तर मी देतो. ऑटोफ्रेटाज. नळी कच्ची असताना तिच्यात एवढा द्रवदाब भरतात की आतला भाग नमून कायमचा पसरतो, पण बाहेरचा अजून लवचीकच असतो. दाब सोडला की बाहेरचा मूळ जागी यायला बघतो आणि पसरलेल्या आतल्याला आवळून धरतो. दुसरी तऱ्हा म्हणजे बोअरपेक्षा किंचित मोठा, अतिशय कडक मँड्रेल, म्हणजे दट्ट्या, आतून रेटत न्यायचा. कडं नाही, तार नाही, एकाच तुकड्याला त्याचीच बाहेरची बाजू आवळते. त्यानंतर हलकं तापवून स्थिर करतात आणि मग फिनिश बोअर काढतात. उद्यमबागकर, तुम्ही सिलिंडर टेस्टिंगला जास्त दाब चुकून मारलात की जो बोअर मोठा होतो म्हणून बोंबलता, तेच इथं मुद्दाम.

मार्टेन्साइट

क्रोमचं मी सांगते. तुमचा रॉड तेलात पोहतो, त्याला हजार अंशांचा फटका कुणी देत नाही.

हार्ड क्रोम टाकीतून बाहेर येतं तेव्हाच त्यात केसाहून बारीक भेगा असतात. हे तुमच्या प्लेटिंगवाल्याला विचारा, तो डोळे चुकवेल. तोफेत त्या भेगांतून गरम वायू खालच्या पोलादापर्यंत पोचतो आणि पोलाद क्रोमच्या खालून खाल्लं जातं. शिवाय क्रोमचं प्रसरण पोलादाच्या निम्म्याच्या आसपास. दोघं एकमेकांना चिकटलेले, तापमान एका क्षणात वर-खाली, आणि पसरण्याची चाल वेगळी. प्रत्येक फैरीला जोडावर कातर बसतो. मग पापुद्रा सुटतो. जिथं सुटला तिथलं उघडं पोलाद शेजारच्यापेक्षा भराभर जातं आणि खड्डा पडतो. तरी क्रोमने आयुष्य वाढतं यात वाद नाही, पण तो कायमचा उपाय नव्हे.

त्यापेक्षा गमतीचा उपाय १९६० च्या दशकात स्वीडनमधून आला. दारूच्या भोवती टिटॅनियम डायऑक्साइड आणि मेण यांचा लेप. तो जळताना बोअरलगत तुलनेनं गार वायूची चादर तयार होते आणि भिंतीला उष्णता कमी जाते. अमेरिकेच्या आयोवा वर्गातल्या युद्धनौकांच्या १६ इंची तोफा घ्या. सव्वा टनाच्या आसपासचा गोळा, ३०० किलो दारू, आणि नळीचं आयुष्य सुरुवातीला तीनशे फैरींच्या आत. असले लेप आल्यावर झीज इतकी कमी झाली की हिशोबाची रीतच बदलावी लागली. रंगासाठी वापरतात ती पांढरी भुकटी आणि मेण!

आणि झिजेचं टोक बघायचं तर १९१८ ची पॅरिस तोफ. शंभर किलोमीटरच्या पलीकडून पॅरिसवर मारा करायची. प्रत्येक फैरीला बोअर एवढा मोठा व्हायचा की गोळ्यांना क्रमांक घालून, पुढचा मागच्यापेक्षा जाड असे बनवलेले होते. क्रम चुकवायचा नाही.

आता मास्तरांच्या ऑटोफ्रेटाजला जोडून एक. भेगांच्या जाळ्याने नळी लगेच फुटत नाही, पण त्यातली एखादी भेग आत निघाली तर? १९६६ मध्ये व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या १७५ मिलिमीटर तोफेची नळी चारशेच्या आतल्या फैरींतच तुकडे होऊन फुटली. झिजून बाद होण्याच्या कितीतरी आधी. उष्णतेने भेगेची सुरुवात करून दिली, दाबाने ती फैरीगणिक पुढे ढकलली, आणि पोलाद चिवट नव्हतं म्हणून छोट्याच भेगेवर सगळं गेलं. त्यानंतर त्या तोफेला ऑटोफ्रेटाज लावलं आणि पोलादाच्या चिवटपणाच्या अटी कडक केल्या. आवळलेल्या बोअरमध्ये भेग तोंड उघडायलाच अडते. म्हणून मी म्हणते, उष्णता कातडी खाते ते परवडलं, ते गेजवर दिसतं. न दिसणाऱ्या भेगेला फक्त आवळ थोपवतो. या धाग्यात काकांची धाव आणि रॉडमनचं पाणी मला त्यासाठीच जास्त मोलाचं वाटलं.

टिळकवाडी एक्सप्रेस

एवढं तापतं तर वरून पाणी मारा की. आपल्याकडं जुलैत तोफ आणून ठेवली तर आपोआप गार.

वडगावचा मास्तर

बाहेरून? नको रे बाबा. आत १०० अंश जास्त आणि बाहेर कमी असं भिंतीत झालं तर क २ च्या नळीत बोअरला २१० मेगापास्कल दाब येतो, तो चांगलाच, दारूच्या दाबाविरुद्ध मदत करतो. पण बाहेरच्या पृष्ठभागावर १३० चा ताण येतो. ऑटोफ्रेटाज केलेल्या नळीची बाहेरची बाजू आधीच ताणात असते, कारण आवळतेय तीच. त्यावर दारूचा ताण. त्यावर तुझं बादलीभर पाणी. आतून पाणी खेळवायची सोय, किंवा नळीभोवती नीट जाकीट, ही वेगळी गोष्ट. आरमाराच्या ७६ मिलिमीटर तोफेला तसं थंड करतात.

आणि पाऊस एका बाजूनेच लागला तर आणखी एक भानगड. नळी वाकते. रणगाड्याची १२० मिलिमीटरची नळी घे, लांबी ५.३ मीटर, बाहेरचा व्यास सरासरी २० सेंटिमीटर. वरच्या आणि खालच्या बाजूत फक्त १ अंशाचा फरक पडला तर तोंड जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर हलतं. पण ज्या कोनात ते वळतं त्याने २ किलोमीटरवर साठ सेंटिमीटरच्या वर फरक पडतो. ऊन वरून लागलं तर वरची बाजू फुगून तोंड खाली झुकतं, पाऊस लागला तर उलट. म्हणून रणगाड्यांच्या नळीवर ते जाडसर आवरण दिसतं, थर्मल स्लीव्ह. गारवा द्यायला नव्हे, सगळ्या बाजूंनी तापमान सारखं राहावं म्हणून.

यळ्ळूरची

म्हणजे सकाळी आणि दुपारी एकाच तोफेचा गोळा वेगळीकडं पडणार?

गनर आप्पा

पडतोच की ताई. पण लांब माऱ्यात नळीच्या वाकण्यापेक्षा दारूचं तापमान जास्त नडतं. ऊन लागून गरम झालेला चार्ज जोरात जळतो, गोळा पुढं जातो. गार चार्जचा गोळा अलीकडं पडतो. म्हणून चार्ज सावलीत, झाकून ठेवतात, त्याचं तापमान थर्मामीटरने बघतात आणि फायरिंग टेबलातनं तेवढी दुरुस्ती घेतात. वारा, हवेचा दाब आणि नळीची झीज यांची दुरुस्ती वेगळी. झिजलेल्या नळीचा वेग किती घटलाय तो आकडाही तोफेगणिक निराळा असतो, म्हणून एकाच बॅटरीतल्या, म्हणजे तुकडीतल्या, सगळ्या तोफांना सारखं एलेव्हेशन, म्हणजे नळीचा उंचीचा कोन, देऊन चालत नाही.

उद्यमबागकर

आप्पा, ती वेग घटण्याची गोष्ट सविस्तर लिहा, पण नवीन धागा काढा. इथं प्रतिसाद शोधायला आता स्क्रोल करून अंगठा दुखतोय. आणि गोलघुमटी, विजापूरचं ठरवा. एप्रिल नको, मास्तरांचा प्रयोग त्यांनी एकट्यानं करावा.